टिटवीसाठी सोडलेली जागा

दवाखान्यापासून घरापर्यंतच्या पाऊण तासात दादानं तीन वेळा घसा खाकरला आणि तिन्ही वेळा टायरबद्दल बोलला. आधी म्हणाला, पुढचा डावा जरा मऊ वाटतोय. मग म्हणाला, हल्ली टायर पूर्वीसारखे येत नाहीत. तिसऱ्यांदा नुसतंच "टायर..." म्हणाला आणि गप्प बसला. या घरातली माणसं काही लपवायला लागली की आधी असलं कायतरी काढतात. धाकटीच्या हे लक्षात यायला हवं होतं. पण ती खुशीत होती.

"दादा, टायरच्या प्रेमात पडलास की काय?" मागच्या सीटवर पट्ट्यांत गुंडाळलेला गुडघा आडवा टाकून ती म्हणाली.

एरवी यावर आई सगळ्यात आधी हसली असती. आज तिनं खिडकीची काच वर केली आणि परत खाली केली.

धाकटीला घाई होती. डॉक्टर म्हणत होते, अजून चार दिवस राहा. ही ऐकते कसली! अकरा वाजता मातीवाल्या बाई येणार होत्या, शेवटचा नमुना घ्यायला. दहा वर्षांपूर्वी तिनं भर जेवणात सगळ्यांसमोर मागितलं होतं: खालचा पाच एकरांचा तुकडा मला द्या, त्याला दहा वर्षं नांगर लावणार नाही. कापणीनंतरचं काड तसंच रानावर पडू देईन, त्यातूनच पेरीन. दहा वर्षांनी माती तपासा. सुधारली असेल तर वरच्या पस्तीस एकरांतही नांगर बंद. नसेल तर माझा तुकडासुद्धा दादाच्या नांगराखाली. तेव्हा दादाच्या हातातला घास हातातच राहिला होता. गावभर नांगरणीची कामं घेणारा माणूस तो, त्याच्या घरातच नांगर बंद! पण तात्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "दिला." संपला विषय.

त्या दिवसापासून दादा त्या तुकड्याला केरकोपरा म्हणायचा. हिला केर काढायचा कंटाळा, म्हणून रानात साठवते, हा त्याचा ठरलेला विनोद. पहिली तीन वर्षं गहूही असा आला की विनोद खरा वाटावा. चौथ्या वर्षी दादा हसायचा थांबला. सातव्या वर्षी मोठ्या पावसात वरच्या रानातलं पाणी गढूळ होऊन रस्त्यावर आलं आणि केरकोपऱ्यात एक डबकंसुद्धा दिसलं नाही, सगळं पाणी मातीनं पिऊन टाकलं. तेव्हा दादा बांधावर बराच वेळ उभा राहिला होता. बोलला काही नाही, पण उभा राहिला होता.

गाडी शेवटच्या वळणावर आली. धाकटीला आधी वाटलं, वळण चुकलं.

डाव्या हाताला पिवळट काडाची चादर दिसायला हवी होती. तिथं काळीभोर, उलटी पडलेली ढेकळं होती. बांधापासून बांधापर्यंत.

"थांबव," ती म्हणाली.

"घरी जाऊन..."

"गाडी थांबव, दादा!"

ती कुबड्या घेऊन उतरली. आईनं हात पुढे केला तो तिला दिसलाच नाही. बांधाजवळ गेली, उभी राहिली. कुबडीचं टोक तिनं एका ढेकळावर ठेवलं, ते फुटलं आणि कुबडी वीतभर आत गेली.

"कुणी?"

"मी," दादा म्हणाला.

"काय मी?"

"मी नांगरलं. डोक्यात गेलं. केलं."

तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

"आठ दिवस," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की आईला पुढे झुकावं लागलं. "आठ दिवस मी नव्हते. परवा तू दवाखान्यात फळं घेऊन आलास. माझ्याजवळ बसून कापून दिलीस. हे त्याच्या आधी केलंस की नंतर?"

"आधी," दादा म्हणाला.

"म्हणजे हे करून येऊन मला सफरचंद भरवलंस!"

"हो."

"अरे, माणूस आहेस की कोण आहेस?" आता आवाज फुटला. "दहा वर्षं! एक दिवस थांबता आलं नाही तुला? हरणार होतास म्हणून? सरळ तोंडावर सांगायचंस, मला हरायचं नाही! मी तशीच सोडून दिली असती पैज!"

दादा ऐकत राहिला. या माणसाला कुणी अरे म्हटलं तर हा कारे म्हणणारा. आज खाली मान. धाकटीनं आईकडे पाहिलं. आई आता याला फाडून खाईल, याची तिला खात्री होती. दहा वर्षं आई तिच्याच बाजूनं होती.

"बस कर आता," आई म्हणाली. "झालं ते झालं. भाऊ आहे तुझा."

धाकटी बघतच राहिली. नांगरलेलं रान बघून बसला नव्हता तेवढा धक्का तिला आईच्या त्या वाक्यानं बसला.

घरी वहिनीनं सकाळपासून तात्यांना मागच्या व्हरांड्यात बसवून ठेवलं होतं. तिथून फक्त विहीर आणि कपडे वाळायची तार दिसते. वहिनी औषधांच्या दुकानात काम करते. आज तिनं रजा टाकली होती. गाडीचा आवाज ऐकून ती पुढच्या दारात आली आणि नणंदेचं तोंड पाहून तिथंच थबकली.

"कळलं?" तिनं नवऱ्याला हळूच विचारलं. दादानं मान हलवली.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?" धाकटीनं विचारलं. "तुम्ही रोज फोन करत होतात. झोप लागली का, जेवलीस का, गोळी घेतलीस का. आणि हे सांगायचं राहिलं?"

वहिनीच्या तोंडावर उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं. नवऱ्यानं शपथ घातली होती. शपथ मोडायला तिला काही वाटलं नसतं, शपथेला भिणारी ती नाही. पण सासूबाई मागे उभ्या राहून नको नको अशी मान हलवत होत्या.

"पाणी देते," वहिनी म्हणाली आणि आत जाऊन मोरीत रडून आली. आपल्या नवऱ्याला आपल्यासमोर कुणी राक्षस ठरवावं आणि आपण पेला विसळत राहावं, याचा तिला मनस्वी राग आला होता. नक्की कुणाचा, ते तिलाच सांगता आलं नसतं.

तेवढ्यात मातीवाल्या बाई आल्या. सडपातळ, उन्हानं रापलेल्या, हातात माती काढायची लोखंडी नळी आणि खांद्याला झाकणांच्या डब्यांची पिशवी. दर वर्षी याच आठवड्यात येत. रस्त्यावरून येताना त्यांनी तुकडा पाहिलाच होता.

"मी चुकीच्या शेतावर आले असं वाटून दोनदा मागे फिरले," त्या म्हणाल्या. "काय झालं हे?"

"चला," धाकटी म्हणाली. "नमुना घ्या."

"अहो, तुमचा पाय!"

"पाय माझा आहे. चला."

रानात कुबड्या चालेनात. बाईंनी तिला एका हातानं धरलं, दुसऱ्या हातात नळी. दहा पावलांवर बाई उकिडव्या बसल्या आणि एक ढेकूळ उचलून हातावर फोडलं. गेल्या वर्षी याच जागची माती हातावर दाणेदार सुटली होती, चहाच्या भुकटीसारखी. आत बारीक पांढरे धागे आणि गांडुळांची आरपार बिळं होती, पेन्सिल जाईल एवढी. आता बिळं आडवी पडली होती, धागे तुटून वाळले होते. एक गांडूळ अर्धं तुटून निपचित पडलं होतं.

"सगळं गेलं?" धाकटीनं विचारलं.

"सगळं नाही जात एका नांगरटीनं. दहा वर्षांत खाली मुरलंय ते खालीच आहे. पण वरचा थर मोडला. पाण्याच्या वाटा मोडल्या. आज मी नमुना घेतला तर जो आकडा येईल, तो तुमच्या दहा वर्षांचा नसेल."

"मग खोटा आकडा लिहा," धाकटी म्हणाली आणि लगेच म्हणाली, "नाही. नका लिहू. असंच तोंडातून गेलं."

पंधरा जागांचे नमुने एकत्र करायचे, हा त्यांचा नियम. त्या नांगराच्या तासांमधून पुढे निघाल्या. तुकड्याच्या मधोमध पोचल्या आणि एकदम थांबल्या.

"इकडे या. जपून."

तासांच्या मध्ये एक गोल जागा होती, खाट मावेल एवढी, आणि तिला नांगराचा स्पर्शही झाला नव्हता. काड जसंच्या तसं. तासांची रेघ सरळ येत होती, त्या गोलाला अलगद वळसा घालत होती आणि पलीकडून परत सरळ जात होती. मधल्या खळग्यात चार ठिपक्या-ठिपक्यांची अंडी, निमुळती टोकं आत करून ठेवलेली. टिटवी वरून ओरडत घिरट्या घालत होती. टिटवीटिव, टिटवीटिव, नुसता आकांत.

"बघा!" बाई म्हणाल्या. "राग आलेला माणूस असं करतो होय?"

दादाचा नांगर सहा फाळांचा. तो रानात शिरला की समोरचं दगड म्हणत नाही, घरटं म्हणत नाही. एकदा तर पाण्याचा पाइपच उपटून आणला होता. तिनं वाकून तास मोजले. एका फेरीला दोन. दोन फाळांचा नांगर या घरात एकच होता, शेडच्या मागे गंजत पडलेला. आणि टिटवीला वळसा घालून नांगरणारा माणूस या घरातच काय, तिनं जन्मात एकच पाहिला होता. लहानपणी ती त्याच्या मांडीवर बसायची. ट्रॅक्टर थांबवून तो तिला अंडी दाखवायचा. "घरमालकीण आहे ती," म्हणायचा. "आपण भाडेकरू."

"बाई, मला शेडकडे न्या," ती म्हणाली.

दादा शेडमध्ये जुन्या नांगराजवळच बसला होता. फाळ चकचकीत झाले होते. पाच एकर माती घासली की गंज राहतो कुठे!

"तात्यांनी केलं," धाकटी म्हणाली.

दादानं वर पाहिलं.

"टिटवीला सोडलंय," ती म्हणाली. "तुला पाइप दिसत नाही, टिटवी काय दिसणार!"

दादा हसला. हसता हसताच त्यानं डोळ्यांवर तळहात दाबले. चार दिवस त्यानं हे कसंबसं सांभाळलं होतं.

"मी बाहेरच्या कामावर होतो," तो म्हणाला. "आई तुझ्याजवळ. ही दुकानात. संध्याकाळी आलो तर खालून जुन्या ट्रॅक्टरचा आवाज. धावत गेलो. तात्या शेवटचं तास काढत होते. घामानं निथळत होते, पण इतकं खूश मी त्यांना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. मला बघून काय म्हणाले माहितीये? 'अप्पा, पावसाच्या आत उरकलं बघ.'"

अप्पा म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली होती.

धाकटी तिथंच, नांगराच्या दांडीवर बसली.

"कधीपासून?"

"सहा महिने," मागून आई म्हणाली. ती केव्हा आली कुणालाच कळलं नव्हतं. "आधी चष्मा, किल्ल्या. मग एक दिवस अंगात दोन सदरे. मग मला म्हणाले, तुमचं माहेर कुठलं? मी म्हटलं थट्टा करताहेत. हसले मी, काय करणार." आईनं पदरानं नाक पुसलं. "तुझं ऑपरेशन ठरलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस का दवाखान्यात?"

"आणि हा? याला चार दिवस खलनायक करून ठेवलंत?"

"मीच म्हटलं," दादा म्हणाला. "माझ्या नावावर खपून जाईल. कुणाला संशय येणार होता? मी तर दहा वर्षं बोंबलत होतो, एक दिवस नांगर घालीन म्हणून." तो थांबला. "नंतर त्यांनी ते रान पाहिलंच नाही. त्यांना काही आठवतही नाही. आठवू नये, बास."

धाकटीनं त्याचा हात धरला. दहा वर्षांत या दोघांनी एकमेकांचा हात असा धरला नव्हता, एका घरात राहून. बाई शेडच्या दारात अवघडून उभ्या होत्या. निघावं की थांबावं, त्यांना कळेना.

आणि तेवढ्यात बांधाकडून आवाज आला.

"कुणी केलं हे?"

वहिनी पेला विसळत असताना तात्या मागच्या दारानं निघाले होते. लेक आली असं कानावर पडलं, म्हणून तिला शोधत आले होते. आता ते बांधावर उभे होते, काठीशिवाय, ताठ.

"कुणी नांगर घातला माझ्या पोरीच्या रानात?"

सगळे धावले. धाकटी कुबड्यांवर, सगळ्यांच्या मागे.

"तात्या, घरी चला," वहिनी धापा टाकत म्हणाली.

"मी काय विचारतोय? पोरगी दवाखान्यात पडलीय आणि तिच्यामागे... मी शब्द दिला होता तिला! दहा वर्षं! माझा शब्द मोडला कुणी?"

दादा पुढे झाला.

"मी," तो म्हणाला. दुसऱ्यांदा, आणि या वेळी जास्त सोपं गेलं त्याला.

तात्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. म्हाताऱ्या हाताची, पण पन्नाशीच्या माणसाला, बायकोदेखत. वहिनीच्या तोंडून किंकाळी निघाली.

"किल्ल्या दे," तात्या म्हणाले. "आजपासून तुझा नांगर माझ्या जमिनीवर नाही. तूही नाहीस. सामान उचल आणि चालता हो."

दादानं खिशात हात घालून किल्ल्या काढल्या. खरंच द्यायला निघाला होता तो. आई नवऱ्याकडे बघे, लेकाकडे बघे, आणि खरं बोलून नवऱ्याला मारावं की गप्प राहून लेकाला, हेच तिला कळेना.

"तात्या," धाकटी म्हणाली. "मी सांगितलं होतं त्याला."

टिटवी ओरडत होती.

"तू?"

"हो. मी दमले. गुडघा गेला माझा. दवाखान्यातून फोन केला त्याला, म्हटलं नांगरून टाक एकदाचं. तो नको म्हणत होता. मीच ऐकलं नाही."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. मातीवाल्या बाईंनी मान खाली घातली.

तात्या तिच्याजवळ आले. तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, ओळख पटवत असल्यासारखं. राग गेला होता. तो परवडला असता.

"मग मी कशाला भांडलो गं सगळ्यांशी?" ते म्हणाले. "हा हसायचा. लोक हसायचे. मी म्हणायचो, माझी पोरगी आहे, ती करील. तुझ्यावर भिस्त ठेवून बसलो होतो मी. आणि तूच?"

तिला वाटलं, आत्ता सांगावं. सगळं सांगावं, त्यांचा हात धरून त्या गोल जागेपर्यंत न्यावं. या जगात एका माणसानं तिच्यावर विश्वास ठेवला होता, आणि तो तिच्या डोळ्यांसमोर उठून चालला होता.

"चुकलं, तात्या," ती म्हणाली.

ते वळले आणि घराकडे निघाले. आई त्यांच्यामागे गेली.

मग मातीवाल्या बाईंनी नळी जमिनीत रोवली.

"नमुना घेते," त्या म्हणाल्या. "वर्ष काय लिहू?"

"पहिलं," धाकटी म्हणाली.

"वरच्या रानाचाही घ्या," दादा म्हणाला. गालावर बोटं उमटली होती. "तिथंही पहिलंच लिहा." आणि बहिणीकडे न बघता पुढे म्हणाला, "आता हसू नकोस. केर किती साठवायचा ते मला शिकव."

तिला हसू आलं नाही. तिनं त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि रडायला लागली.

घरी पोचायला त्यांना अर्धा तास लागला. मागच्या व्हरांड्यात तात्या खुर्चीवर बसले होते, समोर चहा. आई बाजूच्या पायरीवर. धाकटी दारातच थांबली. आत पाऊल टाकायचा तिला धीर होईना.

तात्यांनी मान वळवली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं! आलीस? केव्हा आलीस? मला कुणी सांगितलंसुद्धा नाही! ये, बस. पाय दुखतो का?"

ती त्यांच्याजवळ बसली. त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. त्यांच्या नखांत काळी माती होती, चार दिवस धुऊनही न गेलेली. ते खाली वाकले आणि कुणी ऐकत नाही ना हे बघून हळूच म्हणाले,

"तू नव्हतीस, पण मी लक्ष ठेवून होतो हं. दादा मागे लागला होता. मी कुणाला नांगर लावू दिला नाही तुझ्या रानाला."

"माहितीये, तात्या," ती म्हणाली आणि त्यांची बोटं घट्ट धरून बसली.